नशीब की वाकलेला खिळा?

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "तिचे आयुष्य संपले." तरुण मंडळी म्हणतात, "फेका, नवी घेऊ." ही मते एकमेकांविरुद्ध वाटतात, पण माझ्या मते ती सख्खी भावंडे आहेत. वस्तू उघडून तिला झाले तरी काय, हे पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात.

माझे म्हणणे एका क्षुल्लक खेळण्यावरून सांगते. 'बगाटेल' हा शब्द आमच्या प्राध्यापकांना ठाऊक असेल. वर्गातल्या मित्रमैत्रिणींना मात्र तो समजावून द्यावा लागेल. एक लाकडी पाट, वरची बाजू थोडी उचललेली आणि कमानीसारखी गोल. उजव्या अंगाला एक अरुंद गल्ली, तिच्या तळाशी स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की छर्रा गल्लीतून वर जातो, कमानीवरून वळतो आणि खिळ्यांच्या कुंपणांवर आपटत खाली येतो. ज्या कप्प्यात थांबेल तेवढे गुण. हा स्प्रिंगचा दांडा सुधारून अमेरिकेत सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ साली पेटंट घेतले, आणि त्यातूनच पुढे विजेवर चालणारे, दिव्यांचे व घंट्यांचे पिनबॉल जन्मले. छर्रा परत वर फेकणारे पंखे १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रापासून आले.

गंमत अशी की, हा खेळ नशिबाचा की कसबाचा, यावर मोठे रामायण झाले. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये त्याला जुगार ठरवून बंदी आणली आणि यंत्रे घणाने फोडविली. ही बंदी १९७६ मध्ये उठली. त्या वेळी रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगरसभेच्या समितीपुढे यंत्रावर खेळून दाखविले. दांडा ओढण्यापूर्वीच त्याने छर्रा कोणत्या गल्लीतून जाईल ते सांगितले, आणि तो तिथूनच गेला! त्यातून त्याला काय दाखवायचे होते? दांडा किती ओढला यावर छर्रा कुठे जातो हे अवलंबून असते, म्हणजे खेळात कसब आहे, हेच.

आता आमच्या घरच्या बगाटेलकडे वळते. त्यात छर्रा कसाही सोडा, तो डाव्या कोपऱ्यातल्या शून्याच्या कप्प्यातच जाई. घरात एकमत झाले की पाट पनवती आहे. मी मात्र दांड्यावर पेन्सिलीने खूण केली, प्रत्येक वेळी त्या खुणेपर्यंतच ओढून वीस वेळा छर्रा सोडला आणि कुठे थांबला ते वहीत टिपले. नशीब असे एकाच कोपऱ्यात वीसपैकी सोळा वेळा जात नसते. तिथे काहीतरी कारण असते.

पहिली शंका जमिनीवर. आमची ओसरी शेणाने सारवलेली, तिला उतार असणारच. पाटावर थाळीत पाणी ठेवले तेव्हा ते डावीकडे सरकलेले दिसले. डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, पुन्हा वीस वेळा छर्रा सोडला. शून्याचा आकडा नवावर आला. मग दांडा. पावसाळ्यात स्प्रिंगला गंज चढला होता, त्यामुळे दांडा कधी अडे, कधी झटकन सुटे. काचकागदाने घासून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. शेवटी खिळे. कमानीच्या उतरणीवरचा एक खिळा आत झुकला होता आणि प्रत्येक छर्ऱ्याला डावीकडे ढकलत होता. पक्कडीने तो सरळ केला. हरवलेल्या दोन छर्ऱ्यांच्या जागी सायकलचे छर्रे घालून पाहिले, पण ते बारीक. खिळ्यांच्या मधूनच निसटतात. ट्रॅक्टरच्या जुन्या बेअरिंगमधले बरोबर बसले.

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. सर्वांत स्वस्त आणि सहज उलटवता येणारा उपाय आधी, आणि एका वेळी एकच बदल. सुरुवातीलाच सगळे खिळे ठोकत सुटले असते, तर दोष कशात होता हे कधीच कळले नसते. मोठ्या पिनबॉललाही हाच न्याय लागू. पंखा दुबळा पडला की आधी काळवंडलेली संपर्काची पाती साफ करायची, गुंडाळी बदलायची ती नंतर. आणि फ्यूज उडाला तर जाड तार घालून मोकळे न होता, तो का उडाला ते शोधायचे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे शब्द घोकतो. त्यांचा अर्थ मला पाटावर कळला, हे सरांनी रागावू नये.

पण खरी अडचण पाटाची नाही. माझे बाबा सायकलमिस्त्री आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या हातात पक्कड पाहून ते म्हणाले, "तुले शिकाले पाठवलं, पाना धराले नाही." त्यांच्या बोलण्यातले दुःख मला समजते. पण त्यांचे मत मला मान्य नाही. चाकाचा आउट काढताना ते रिमजवळ अंगठा धरतात, चाक फिरवतात, एक तार पाव फेरा आवळतात, पुन्हा फिरवतात. याला कॉलेजात संशोधनपद्धती म्हणतात आणि तिच्यावर वीस गुणांचा प्रश्न येतो. ज्यांना ती हातात आहे ते स्वतःला अडाणी समजतात. आणि आपण ती पाठ करून पंख्याचे बटण बिघडले की मिस्त्रीला फोन लावतो.

धानाचा भाव आणि पावसाची लहर पक्कडीने दुरुस्त होत नाहीत, हे कबूल. पण दहावीत गणितात नापास झालेल्या मुलाला "नशिबात शिक्षण नाही" म्हणून रोवणीला धाडताना, त्याला मागच्या बाकावरून फळा दिसत होता का, एवढे तरी कोणी पाहिले का?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली, पोर्टलही काढले. अधिकार मिळेल तेव्हा मिळो. हात तर आपलेच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण दरवर्षी प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो. त्यातला एक दिवस गावातल्या बिघडलेल्या टॉर्च, शिलाई मशीन आणि सायकलींना द्यावा, अशी माझी कार्यक्रम अधिकारी सरांना विनंती आहे. कामाची सुरुवात गावातल्या मिस्त्रीने करून द्यावी, आपण त्याच्या हाताखाली बसावे. पक्कड, पेचकस आणि कानस मी घरून आणीन. बाबांना विचारायचे तेवढे राहिले आहे.