शेततळ्यांत एकट्यानें पोहणें

पट्टीच्या पोहणाराला पाण्याचें भय नाहीं, हा समज विहिरीपुरता ठीक होता. विहिरीला पायऱ्या असत, दगडाची कपार हातीं लागे, मोटेवर माणूस असे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि शेततळीं गांवोगांव झालीं. त्यांतील प्लास्टिकचें अस्तर घातलेल्यांची गोष्ट निराळी. ओल्या उतारावर शेवाळ धरतें. तेथें पाय ठरत नाहीं, हातास आधार मिळत नाहीं. चांगला पोहणाराही मग बाहेर निघतां न आल्यामुळें थकून बुडतो. आणि तो एकटा असेल तर दोर टाकणार कोण? अस्तरावर हजारों रुपये खर्चणाऱ्या मालकानें चारी बाजूंस खुंट ठोकून गांठी मारलेले दोर पाण्यांत सोडूं नयेत, हें आम्हांस समजत नाहीं. दोर तळापर्यंत पोंचेल इतका लांब असावा, व उन्हानें विरला कीं बदलावा.