येळवस, बीदर आणि आपले हसणे

संस्कृती हा शब्द महाविद्यालयात वर्षातून दोनदा हमखास ऐकायला मिळतो. एकदा स्नेहसंमेलनाच्या उद्घाटनाला आणि एकदा प्रश्नपत्रिकेत. उद्घाटनाला ती महान असते, प्रश्नपत्रिकेत ती दहा गुणांची असते. मधल्या साऱ्या दिवसांत ती कोठे राहते, काय खाते, कोणाशी काय बोलते याची चौकशी आपण करीत नाही. मला वाटते, त्या दिवसांत ती आपल्याच घरी राहते आणि आपण तिला ओळख देत नाही.

मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. घरात पुस्तके नव्हती. होते ते शेत, सण, बोलणे आणि एकमेकांची चेष्टा. ज्ञान मिळवायचे तर हे सगळे चपलांसारखे दाराबाहेर ठेवून आत यायचे असते, असा समज माझ्यासारख्या अनेकींचा पहिल्या वर्षातच होतो. तो कोणी शिकवीत नाही, तो हवेतच असतो. त्या समजाविरुद्ध मला काही म्हणायचे आहे. मोठमोठे दाखले माझ्याजवळ नाहीत. एका सणाचा आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या निलंगा तालुक्यात, साऱ्या लातूर जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिवकडे येळवस असते. लातूरची गंजगोलाई आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली, १९१७ साली उभी राहिलेली, मधोमध देवीचे देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. येळवशीच्या दुपारी मात्र त्या सोळाही रस्त्यांवर शुकशुकाट असतो, कारण गाव शेतात गेलेले असते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि बोलावले नाही तरी गेलेले चालते. शेतात कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. (भज्जी म्हणजे भजी नव्हे. माझी एक नांदेडची मैत्रीण कढई कुठे आहे ते शोधीत राहिली. ही हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावून शिजवलेली पातळसर भाजी असते, आणि तिच्यापुढे माणूस कांदाभजी विसरतो.)

जेवणाआधी आंबील शिवारभर शिंपडतात. याला चर शिंपणे म्हणतात. शिंपणारा पुढे चालतो आणि मागचे सगळे एक आरोळी देत जातात. लहानपणापासून ती आरोळी मी घसा बसेपर्यंत दिली आहे. तिचा अर्थ काय, हे गेल्या वर्षी घरी विचारले. आजी म्हणाली, "देवाला कळतंय की." काका म्हणाले, "आपल्याला कळाल्यावर मग देवाला काय काम राहिलं?" यावर सगळे हसले आणि माझा प्रश्न बांधावरच राहिला.

पण प्रश्न एकदा मनात आला की तो जेवू देत नाही. दिनदर्शिकेवर या दिवशी 'वेळा अमावास्या' असे छापलेले असते. शाळेत आम्हाला सांगितले होते की येळवस हा अपभ्रंश आहे, शुद्ध रूप वेळा अमावास्या. ठीक आहे. पण कोणती वेळ? कशाची वेळ? याचे उत्तर कोणी देत नाही. औराद शहाजानीच्या पुढे सीमा ओलांडून बीदर, कलबुर्गीकडे जावे तर तिकडचे शेतकरीही याच दिवशी शेतात जेवायला जातात. ते या दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. शेतात अन्न शिंपण्याला ते चरग म्हणतात. आता आमची येळवस आणि त्यांची एळ्ळ, आमचा चर आणि त्यांचा चरग शेजारी ठेवून पाहा. माझे मत असे की येळवस ही बिघडलेली मराठी नाही, ती जपून ठेवलेली कानडी आहे. तिला शुद्ध करायला जावे तर तिचे माहेर पुसले जाते. भाषाशास्त्राच्या जाणकारांना हे मान्य नसेल तर त्यांनी जरूर खोडावे, मला आनंदच होईल. निदान वर्गात येळवशीवर चर्चा तरी होईल.

हे माहेर काही दूरचे नाही. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके हैदराबाद संस्थानाच्या काळापासून बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली तेव्हा ते बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. आमचे आजोबा बीदर जिल्ह्यात जन्मले, उस्मानाबाद जिल्ह्यात त्यांचे लग्न झाले आणि लातूर जिल्ह्यात ते म्हातारे झाले. एवढ्या प्रवासात आमच्या घराचा उंबरा एक इंचही हलला नाही. नांदेडकरांनीही हसू नये. त्याच दिवशी मुधोळ आणि भैंसा नांदेडकडून तेलुगू मुलखात गेले आणि किनवट आदिलाबादकडून नांदेडला आले. मराठी माणसाला मराठी राज्य मिळाले हे योग्यच झाले. पण नव्या सीमेची नोटीस सणांना, सोयरिकींना आणि शिव्यांना कोणी बजावली नाही, त्यामुळे ते अजून जुन्याच जिल्ह्यात राहतात.

हे सगळे मुलींच्या वसतिगृहात रोज प्रत्ययाला येते. मी विचारते, "काय करूलालीस?" हदगावची मैत्रीण म्हणते, "करूलालीस काय? करायलीस म्हण." धर्माबादची तिसरी दोघींवर रागावते आणि रागात तेलुगू बोलते, म्हणजे ती काय म्हणाली ते कळत नाही आणि भांडण तिथेच मिटते. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीला आम्ही मोंढ्यात जाऊन येतो म्हणालो, तर तिने देवळात जायचे असेल म्हणून डोक्यावर पदर घेतला. तिला धान्याचा बाजार असा अर्थ सांगितला. तिला कंत्राटदार माहीत होता, आमचा गुत्तेदार माहीत नव्हता. मग गुत्ता हा शब्द तेलुगू-कानडीतला आहे हे आम्हालाही कळले. तिने पुस्तकात लंगर म्हणजे जहाजाचा नांगर असे वाचले होते. नांदेडला समुद्र नाही, पण लंगर आहे. गुरुद्वाऱ्यात पंगतीला बसून जेवल्यावर तिने विचारले की नांगराचा आणि जेवणाचा काय संबंध. फारसीत हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, असे कोशात सापडले. जहाज जिथे थांबते आणि भुकेला वाटसरू जिथे थांबतो, त्या दोन्ही ठिकाणी तोच शब्द! हा शोध कोणत्याही तासाला लागला नाही, जेवून हात धुताना लागला.

या हसण्यात कोणी लहान झाले नाही. हसता हसता एकीचे शब्द दुसरीच्या तोंडी गेले. आता दुसऱ्या हसण्याकडे येते.

स्नेहसंमेलनातील एकांकिका पाहा. कोणत्याही महाविद्यालयाची पाहा. नायक प्रमाण मराठी बोलतो, नायिका बोलते, डॉक्टर आणि कलेक्टर तर बोलतातच. आमची बोली कोण बोलतो? दारुडा, शिपाई आणि भोळसट गडी. त्याने "करूलालाय" म्हटले की सभागृह हसते. तो काय म्हणाला याला कोणी हसत नाही, कसे म्हणाला याला हसतात. आणि हसणाऱ्यांत निम्मे घरी तेच बोलतात, हे त्यातले सर्वांत दुःखद.

याचा परिणाम वर्गात दिसतो. एकदा एका ग्रामीण कथेच्या तासाला 'कणगी' आणि 'पाचुंदा' या शब्दांचा अर्थ विचारण्यात आला. वर्गातल्या निम्म्या मुलींनी कणगीतून धान्य काढलेले आणि कडब्याचे पाचुंदे उचललेले. एकीनेही हात वर केला नाही. 'आणि' ऐवजी 'आनी' निघाले तर मागचा बाक हसेल ही भीती. शेवटी शब्दकोश आणवला गेला. जाणकार वर्गात बसलेले आणि अर्थ कपाटातून काढलेला! माझ्या एका मैत्रिणीने याच भीतीने तोंडी परीक्षा टाळली आणि गुण घालवले. तिच्या घरचे वर्षाचे पैसे कसे उभे राहतात ते मला माहीत आहे, म्हणून मला हे हसणे किरकोळ वाटत नाही.

ज्या बोलीला सभागृह हसते तीत काय करता येते हे रा. रं. बोराडे यांनी १९७१ सालीच दाखवले. ते लातूरजवळच्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेली आहे. ती वाचताना कोणी हसत नाही. घर कसे मोडत जाते ते पाहून गळा दाटतो.

आणि मागे जायचे तर थेट तेराव्या शतकात जावे. 'लीळाचरित्र' आपण आदराने अभ्यासतो, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून. पण म्हाइंभटाने केले काय? तो गावोगाव फिरला, चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठले आणि विचारले. स्वामी कोठे बसले, काय म्हणाले, कोणाच्या घरी काय खाल्ले. साध्या माणसांच्या आठवणी त्याने क्षुल्लक मानल्या नाहीत. संस्कृतात लिहिले तर म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असा विचार त्या पंथात झाला होता. आज म्हाइंभट आमच्या कोपीत आला असता तर आधी आंबील प्याला असता आणि मग आजीसमोर वही उघडून बसला असता. आजीने त्याला नक्कीच छळले असते. मी बी. ए. करते हे कळल्यावर तिने मला विचारले होते, "बी हाय म्हन्तीस, मग उगवल कवा?"

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो ज्या जुन्या ग्रंथांच्या बळावर मिळाला त्यांत हा चौकशीखोर माणूस आहे, हे विसरू नये. ज्या नांदेडात प्राचार्य नरहर कुरुंदकर नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत कशालाही प्रश्न विचारीत, तिथे आपण स्वतःच्या ताटातल्या भज्जीला एक प्रश्न विचारू नये?

काही मित्र म्हणतील, मुलाखतीत, स्पर्धा परीक्षेत ही बोली चालणार आहे का? नाही चालणार. प्रमाणभाषा मला हवीच आहे. हा लेख मी तिच्यातच लिहिते आहे आणि लिहिताना मला आनंद होतो आहे. पण नवी साडी घेतली म्हणून गोधडी जाळत नाहीत. शिवाय घाई आहे. आमच्या शिवारात ज्वारी मागे पडली, सगळीकडे सोयाबीन झाले. कडबाच नाही तर कोप कशाची करणार? गेल्या येळवशीला आमच्या शेजाऱ्यांनी हिरव्या जाळीची आणि जुन्या साड्यांची केली. कडब्याच्या कोपीतला प्रत्येक भाग वेगळ्या नावाचा असतो. ती नावे आजीला येतात, आईला अर्धी येतात, मला दोन येतात.

म्हणून माझी संपादक मंडळाला विनंती आहे की पुढच्या अंकात चार पाने राखून ठेवावीत. प्रत्येकाने आपल्या घरातला एक शब्द, एक रीत किंवा घरात चालत आलेला एक विनोद गावाच्या नावासह लिहून द्यावा. प्राध्यापकांनीही द्यावा, त्यांनाही आज्या होत्या. स्नेहसंमेलनाच्या नाट्यविभागाला दुसरी विनंती. एकदा तरी कलेक्टरला "काय करूलालाव?" म्हणू द्या आणि दारुड्याला अस्खलित प्रमाण मराठी द्या. दारूच्या नशेत इतके शुद्ध उच्चार कोणाला जमतात ते निवड चाचणीतच कळेल.

चार पानांतली पहिली नोंद माझी धरावी. ती अपुरी आहे. चर शिंपतानाच्या आरोळीचा अर्थ अजून मला मिळालेला नाही. देगलूर, उदगीर, औराद, उमरगा या भागातल्या ज्या कोणाच्या घरी कानडी बोलणारी आजी असेल त्याने तिला विचारावे आणि मला सांगावे. आजी हसली तर का हसली, तेही लिहून घ्यावे.