‘वोक’ ही शिवी कोणाच्या सोयीची?

इंग्रजीत ‘वेक’ म्हणजे जागे होणे अथवा जागे करणे. ‘वोक’ हे त्याचे भूतकाळी रूप. शालेय व्याकरण येथेच थांबते. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीने या रूपाचे विशेषण केले आणि ‘स्टे वोक’, म्हणजे ‘जागे राहा’, हा इशारा जन्मास आला. व्याकरणाचे सोवळे पाळणाऱ्यांनी त्यास खुशाल अशुद्ध म्हणावे. पण जागे होणे ही क्षणाची घटना आहे, जागे राहणे हे रात्रभराचे श्रम आहेत, हा भेद त्या बोलीने अचूक टिपला. आपल्या गावगाड्यातील जागल्याला तो वेगळा शिकवावा लागला नसता.

हा इशारा हौसेचा नव्हता. १९३१ साली अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला आणि सर्वस्वी गोऱ्या ज्यूरींच्या निकालांवर त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. देशोदेशीच्या निदर्शनांमुळे व वरिष्ठ न्यायालयातील लढ्यामुळे फाशी टळली, तुरुंगातील वर्षे टळली नाहीत. १९३८ साली लेड बेली या गायकाने या मुलांवरील गीत ध्वनिमुद्रित केले आणि अलाबामातून जाणाऱ्या आपल्या बांधवांस ‘वोक’ राहण्याचा सल्ला दिला. येथे जागेपणाचा अर्थ एकच होता: जीव वाचविणे.

या शब्दावर पुढे दोन दरोडे पडले. पहिला बाजारपेठेचा: वेतन व कामगारांच्या संघटनस्वातंत्र्याचा प्रश्न बाजूस सारून भांडवलदारांनी जाहिरातींत जागृती विकावयास काढली. दुसरा सत्तेचा: २०२२ साली फ्लोरिडा राज्याने वंशभेदाविषयीच्या अध्यापनावर व कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणावर बंधने घालणारा कायदा केला आणि त्याच्या प्रचलित नावातच ‘वोक’ थांबविण्याची घोषणा गोवली. पहिल्या दरोड्याने शब्द पोकळ केला. म्हणूनच दुसऱ्याला त्याची शिवी करणे सोपे गेले.

आता मराठी लिखाणातही ही शिवी आयात होत आहे. अमेरिकेतील गुलामगिरीच्या निर्मूलनाचे स्मरण ठेवून जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला. तेव्हा तिकडून आपण मुक्तीची प्रेरणा घेतली. आज केवळ कुचेष्टा घ्यावयाची काय? जागल्याच्या हाकेला कटकट कोण म्हणतो? ज्याला अंधारात आपले काम उरकावयाचे असते तो!