पहिला नंबर, दुसरा नंबर

सहामाहीचे पेपर वाटले की दहा मिनिटे वर्गात आमचे कोणी ऐकत नाही. मुले स्वतःचा पेपर नीट उघडण्याआधी शेजारच्याच्या पेपरात डोकावतात. "तुला भूमितीत किती?" हा पहिला प्रश्न. स्वतःचे कुठे चुकले, हा फार नंतरचा. वाशिम जिल्ह्यातल्या शाळांमध्ये इतकी वर्षे शिकवताना आम्ही एक पाहिले आहे. ज्या वर्गात पहिल्या नंबरासाठी अटीतटीने झटणारी जोडी असते, तो अख्खा वर्ग जरा जास्त अभ्यास करतो. तिसऱ्या-चौथ्या नंबरवाल्यांनाही उगाच आशा वाटू लागते.

तेव्हा मुलांच्या चढाओढीला घाबरू नये. पाहायचे ते तिचे रूप. आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, रश्क आणि हसद. दुसऱ्याजवळ आहे ते त्याच्याजवळ राहो, मलाही मिळो, हा रश्क. त्याचे जावो, मग मला मिळाले नाही तरी चालेल, ही हसद. ज्याला इल्म मिळाले आणि जो ते दुसऱ्यांना शिकवतो, त्याचा रश्क करायला तर हदीसमध्ये मुभाच आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत उमर (रजि.) यांची एक हकीकत येते. ते मदीनेच्या बाहेरच्या भागात राहत. पैगंबर (स.) यांच्याकडे रोज जाणे जमत नसे. म्हणून त्यांनी आपल्या अन्सारी शेजाऱ्याशी पाळी लावली. एक दिवस हे जात, एक दिवस तो जाई, आणि जो जाई तो दुसऱ्याला दिवसभराचे सारे येऊन सांगे. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचे तर गैरहजर मित्राला वही देणे!

वर्गात आमची खूण हीच, वही. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या मुली एकमेकींना वही देतात तोवर आम्ही निश्चिंत असतो. दोन-तीन वर्षांपूर्वी दहावीत अशाच दोघी होत्या. एकीचे गणित पक्के, दुसरीचे मराठी. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठीचे व्याकरण जड जाते, हे घरी शिकवणाऱ्या पालकांना ठाऊकच आहे. या दोघी मधल्या सुट्टीत एकमेकींना शिकवत, आणि घंटा झाली की पुन्हा "या वेळी बघच तू" म्हणत. पहिल्या चाचणीत एकीला 2 गुण जास्त पडले. पुढच्याच आठवड्यात वह्यांची देवघेव थांबली. विचारले तर खाली मान घालून उत्तर आले, "अम्मी म्हणाली, द्यायची नाही."

दोन्ही घरांतून आयांना बोलावून घेतले. भाषण दिले नाही, फक्त हिशेब मांडला. दहावीला सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात, म्हणजे 500. त्यात 1 गुण म्हणजे 0.20 टक्के. दोन गुणांचा फरक अर्धा टक्कासुद्धा होत नाही. तेवढ्यासाठी एकीने गणिताची आणि दुसरीने मराठीची फुकटची शिकवणी गमवायची का? एक जण हसली. दुसरीला पटायला अजून एक चाचणी जावी लागली. मग वह्या पुन्हा फिरू लागल्या.

खरे तर बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली, त्याला आता बरीच वर्षे झाली. आपण मात्र ती चौकातल्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर पुन्हा सुरू केली. खालाच्या मुलाचे टक्के, मामूच्या मुलीचे टक्के, निकालाच्या संध्याकाळी सगळे घर हिशेबनीस होते. मुले दोन दिवसांत विसरतात. मोठी माणसे वलीम्याच्या दस्तरखानापर्यंत विसरत नाहीत.

आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आपल्या कितीतरी घरांत एवढ्या पैशांवर मुलीची शाळा टिकते. बौद्धिक क्षमतेचे 90 प्रश्न, शालेय विषयांचे 90. निवड जिल्ह्याच्या कोट्यातून होते. म्हणजे आपल्या मुलाचा मुकाबला रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर सगळीकडच्या मुलांशी आहे. शेजारच्या बाकावरचा मुलगा त्यात सोबतीच ठरतो. दोघे मिळून रोज पेपर सोडवतील तर दोघांचीही नावे लागू शकतात.

आपल्या जिल्ह्याचीही अशीच परीक्षा चालू आहे बरे का. केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, आणि आपले वाशिम. त्यातली एक क्रमवारी आम्हाला फार आवडली. जिल्हा कुठे आहे यापेक्षा आधीच्या तुलनेत किती पुढे सरकला, त्यावर तिच्यात नंबर ठरतो. हीच पद्धत आम्ही वर्गात आणली. भिंतीवर गुण लावत नाही, मागच्या चाचणीपेक्षा किती वाढले तेवढेच लावतो. 31 वरून 44 वर आलेला मुलगा त्या दिवशी पहिला! 92 वरून 93 झालेली मुलगी फुरंगटते. पहिल्या नंबरवाल्यांना ही यादी मुळीच आवडत नाही, आणि त्यांची समजूत घालायला आम्ही जातही नाही.

त्या दोघींचे सांगायचे राहिले. गावात शाळा दहावीपर्यंतच. निकाल चांगला लागला, पण एकीच्या अब्बूंनी पुढे पाठवायला नकार दिला. त्यांना पैशांची अडचण नव्हती. "एकटी पोर रोज एसटीने तालुक्याला कशी जाणार?" एवढेच म्हणणे. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो, चहा पिऊन परतलो. मग जी अम्मी वही देऊ नको म्हणाली होती, तीच त्यांच्या दारात गेली. म्हणाली, "भाईजान, एकटी कशी? माझी जातेय ना सोबत. आणि तुमची नसेल तर माझी तरी कुणाशी बरोबरी करून अभ्यास करणार?"

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. दोघींनी तो एकाच दिवशी काढला. सकाळच्या गाडीत आता म्हणे रसायनशास्त्रावरून वाद होतात, आणि कंडक्टरसाहेब "आज कोण जिंकलं?" म्हणून विचारतात.