झोपेची चाचणी नाकाबंदीत होत नाही

गणपतीच्या आदल्या दोन-तीन रात्री पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते. मागच्या सीटवर मुलं एकमेकांच्या अंगावर झोपलेली, पायाशी पिशव्या, मांडीवर मखराचं सामान आणि स्टिअरिंगवर घरातला कर्ता माणूस. तो सकाळी सहाला उठलेला असतो. दिवसभर नोकरी करून, घरी येऊन सामान बांधून रात्री अकराला निघालेला असतो. का, तर रात्री रस्ता मोकळा मिळतो आणि पहाटे घरी पोचता येतं.

हा हिशेब रस्त्याच्या बाजूने बरोबर आहे, शरीराच्या बाजूने चुकीचा.

जागं राहण्याच्या प्रत्येक तासागणिक मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. त्याखेरीज शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. या घड्याळानुसार आपली सावधता साधारण रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात तळाला जाते. कशेडी किंवा परशुराम घाटात बरेच चाकरमानी नेमके याच वेळी असतात. म्हणजे दिवसभराची थकवणूक आणि घड्याळाचा तळ, दोन्ही एकाच वळणावर गाठतात.

१९९७ मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सतरा तास सलग जागा असलेला माणूस हात आणि नजर यांचा मेळ घालण्यात, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मागे पडतो, असं त्यांना दिसलं. चोवीस तासांच्या जागरणानंतर ते प्रमाण सुमारे १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीचं झालं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री अकरालाच भरतात. म्हणजे गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडते तेव्हाच तो, एक थेंबही न पिता, त्या मर्यादेपलीकडे गेलेल्या माणसासारखा असतो. दारू प्यायलेल्या भावाच्या हातून आपण चावी काढून घेतो. झोप न झालेल्या भावाला मात्र थर्मासमधला चहा देतो.

चहा अगदीच निरुपयोगी नाही. कॅफीन अ‍ॅडिनोसिनचा रस्ता अडवतं, पण त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि साठलेली झोप त्याने फिटत नाही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा परिणाम तर फारच थोडा वेळ टिकतो. खरा उपाय झोप हाच. गाडी सुरक्षित जागी थांबवून चहा-कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत. जाग येईपर्यंत कॅफीनही कामाला लागलेलं असतं. अर्थात ही फक्त तात्पुरती सोय आहे, तिच्यावर सावंतवाडीपर्यंत जाता येत नाही.

पेंगणाऱ्या माणसाला आपण नेमके कधी झोपणार हे कळत नाही. डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि कधीकधी डोळे उघडेच असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढे जाते, ब्रेकवर पाय न पडता. मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, गाडी पट्ट्यावरून सरकत असेल, तर 'अजून अर्धा तास काढतो' म्हणण्याची वेळ टळून गेलेली असते. शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं ते यासाठी. आणि घाट लागणार म्हणून घरात उलटीवरची गोळी वाटली जाते, ती चालकाला देऊ नये. तिच्यातल्या प्रोमेथाझिनसारख्या औषधाने चांगलीच गुंगी येते. सर्दीच्या अनेक गोळ्यांचंही तेच.

भाड्याच्या गाडीचा चालक तर आपल्याआधी कुणाला तरी गावी सोडून रिकामा परत आलेला असू शकतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. सणाच्या दिवसांत अशी मर्यादा कोण मोजतं? 'दादा, शेवटची झोप कधी झाली?' एवढं विचारायला आपल्याला संकोच वाटतो, भाड्याची घासाघीस करताना वाटत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात अतिवेग, मद्यपान, मोबाइल असे रकाने आहेत, झोपेचा वेगळा रकाना नाही. फुंकर मारून झोप मोजणारं यंत्रही पोलिसांकडे नाही. त्यामुळे पंचनाम्यात 'चालकाचा ताबा सुटला' एवढंच उरतं.

सरकार गणपतीत टोलमाफी देतं, अवजड वाहनं थांबवतं, वाटेत सुविधा केंद्रं उभारतं. ते चांगलंच आहे. त्या केंद्रांवर चहा आणि प्रथमोपचाराच्या जोडीने चालकांसाठी दहा-वीस खाटा, अंधार आणि गाडी लावायला उजेडाची जागा असायला हवी. माझ्या मते टोलमाफीपेक्षा तिची गरज मोठी आहे. आणि घरात ठरवायचं असेल तर एवढंच: गाडी चालवणाऱ्याला आदल्या संध्याकाळी सामान बांधायला लावू नका, नऊला झोपू द्या आणि पहाटे पाचला निघा. माणगावला कोंडीत दोन तास जातील. जाऊ देत.