परदेशातल्या ऑफिस-नोकरीचा कागद कोण तपासणार?

किल्लारीतल्या पोरांना दाखल्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. त्यानंतर जन्मलेल्या पिढीच्या फाइलीतही गुणपत्रकांच्या मागे भूकंपग्रस्ताचा दाखला लावलेला सापडतो. राज्य सरकारच्या नोकरभरतीत भूकंपग्रस्तांना दोन टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्या दोन टक्क्यांवर या भागातल्या कितीतरी घरांची आशा टिकून आहे.

ही आशा बहुतेक वेळा ऑफिसातल्या कामाचीच असते. औशाच्या, लातूरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुला-मुलींना तलाठी व्हायचं असतं, लिपिक-टंकलेखक व्हायचं असतं, ग्रामसेवक व्हायचं असतं. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा झालेली असते, एमएस-सीआयटी झालेलं असतं, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची पदवी हातात असते. मग सुरू होते जागा निघण्याची वाट. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या, तेव्हा अर्ज आले दहा लाखांच्या वर. बाकीच्यांचं वय वाढत जातं.

नेमक्या या वयात, नेमक्या या मुलाच्या मोबाइलवर परदेशातल्या ऑफिस-नोकरीची जाहिरात येते. ऑफिस असिस्टंट, अॅडमिन एक्झिक्युटिव्ह, डेटा एंट्री, स्पॉन्सरशिप पक्की, फी अमुक लाख, निम्मी आधी, निम्मी व्हिसा आल्यावर. बापाला वाटतं, दोन एकर गेले तरी चालतील, पोरगं टेबलावर बसेल. हा व्यवहार होण्याआधी त्या घराला खरी माहिती सांगणारा सरकारी माणूस तालुक्यात बसलेला असला पाहिजे. आज तो नाही, आणि ही उणीव शेतकऱ्याच्या जमिनीवर उठते.

खरी माहिती अशी आहे. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसात स्पॉन्सर म्हणजे काम देणारी कंपनी किंवा संस्था. तिच्याकडे ब्रिटनच्या गृहखात्याचा परवाना असावा लागतो. ती उमेदवारासाठी जे स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट काढते, ते खरं तर शिक्का मारलेलं प्रमाणपत्र नसतंच. ती गृहखात्याच्या संगणकातली एक नोंद असते: एक संदर्भ क्रमांक, कामाचा चार अंकी कोड, पगार, आठवड्याचे तास, कामाचा पत्ता. तीन महिन्यांत त्या क्रमांकावर व्हिसाचा अर्ज गेला नाही, तर नोंद बाद. त्यामुळे एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं रंगीत, सोनेरी कडेचं 'सर्टिफिकेट' पाहून हुरळून जाण्यासारखं काही नाही. परवाना असलेल्या सगळ्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. किल्लारीच्या बसस्टँडवर उभं राहून मोबाइलवर ती पाहता येते. कंपनीचं नाव त्या यादीत नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

नाव असलं तरी काम झालं असं नाही. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या दर्जावर नेली आणि किमान पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर नेली. आजच्या दराने हे जवळपास अर्धा कोटी रुपये होतात. शंभराहून अधिक व्यवसाय त्या दिवशी नव्या अर्जदारांसाठी यादीतून गेले. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. 'पदवीचा दर्जा' ही अट कामाला आहे, उमेदवाराला नाही. मुलगा एम.ए. असला, एम.कॉम. असला, तरी काम जर फाइल लावण्याचं, नोंदी करण्याचं, फोन घेण्याचं असेल, तर त्या कामावर व्हिसा निघत नाही. साध्या कार्यालयीन सहायकाला तिथली कंपनी एवढा पगार सहसा देतही नाही. जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची अटही बी२ पातळीवर गेली. तात्पुरत्या टंचाईच्या यादीत काही व्यवसायांना मुदतीपुरती सवलत ठेवली आहे, पण 'ऑफिसात काहीही काम' असा कोड त्यात नाही.

अमेरिकेचं दार तर आणखी अरुंद. एच-१बी हा पदवी लागणाऱ्या विशेष कामांसाठीचा व्हिसा, त्याच्या वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून आणायच्या नव्या उमेदवारामागे कंपनीवर एक लाख डॉलरचा आकार लागला. कारकुनासाठी एवढा पैसा कुठली कंपनी घालेल?

कारकुनी कामाबद्दलच ही कडक भूमिका का, याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याच्या इतिहासात आहे. ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत रेल्वे टाकली, जकात-तिजोरी-टपालाच्या कचेऱ्यांची घडी बसवली, तेव्हा त्या कचेऱ्यांतली टेबलं मोठ्या संख्येने गोवेकरांनी सांभाळली. नैरोबी, मोंबासा, कंपाला, झांजिबार या शहरांत गोवेकर कारकुनांच्या वस्त्या, शाळा, क्लब उभे राहिले. पुढे केनियाचा उपाध्यक्ष झालेल्या जोसेफ मुरुंबीचे वडील गोवेकर होते. केनिया डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. १९६७ साली तिथे नवा इमिग्रेशन कायदा आला आणि नागरिकत्व न घेतलेल्यांना नोकरीसाठी परवाना घेणं भाग पडलं. स्थानिक माणूस ज्या कामाला तयार आहे, त्या कामाला परक्याला परवाना नाही, हे त्यामागचं धोरण. कचेरीतली टेबलं सगळ्यात आधी त्यात सापडली. ब्रिटिश पासपोर्ट असलेले आशियाई लोक लंडनच्या विमानात बसू लागले, तेव्हा ब्रिटनने फेब्रुवारी-मार्च १९६८ मध्ये काही दिवसांत कायदा करून त्यांचीही वाट अडवली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं.

त्या गोवेकरांचं काम चोख होतं, प्रामाणिकपणाबद्दल त्यांचा लौकिक होता. तरीही दप्तराचं काम असं आहे की कुठल्याही देशातला बारावी झालेला मुलगा म्हणू शकतो, हे मी करतो. नर्स कमी पडते, वेल्डर कमी पडतो, म्हणून सरकार परक्याला बोलावतं. कारकून कमी पडला, असं फार थोडी सरकारं म्हणतात. किल्लारीच्या तरुणाला हे आधी कळलं, तर तो आपली ताकद योग्य जागी लावेल.

एक दार मात्र खरंच उघडलं आहे आणि त्यावर महाराष्ट्र सरकारची सही आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना पाठवण्याचं ठरलं, जर्मन भाषा शिकवण्याचा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. त्या वर्षीच्या जुलैत निघालेल्या शासन निर्णयातल्या व्यवसायांच्या यादीत नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर आहेत, त्याचबरोबर आरोग्यसेवेच्या गटात कागदपत्रं व कोडिंग, लेखा व प्रशासन हीही कामं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा केली. जर्मनीत माणसं म्हातारी होत आहेत, हाताखाली पिढी पुरत नाही, आणि हे ते उघडपणे सांगतात.

पण यादीत 'प्रशासन' हा शब्द आहे म्हणून औशाचा बी.कॉम. झालेला मुलगा थेट श्टुटगार्टच्या रुग्णालयाच्या कार्यालयात बसेल, असं नाही. जर्मनीत कार्यालयीन कामाचंही रीतसर तीन वर्षांचं शिक्षण असतं. आठवड्यातले काही दिवस कंपनीत, काही दिवस व्यवसाय-शाळेत. २०१४ मध्ये तिथे जुने तीन कार्यालयीन अभ्यासक्रम एकत्र करून हा एक केला, आणि शाळा संपवून निघालेल्या जर्मन मुलांत तो चांगलाच लोकप्रिय आहे. म्हणजे त्या टेबलासाठी स्पर्धा तिथल्या मुलांशी आहे. भाषेचा प्रश्न त्याहून मोठा. वायरिंग करणाऱ्याला मोडकं-तोडकं जर्मन काही काळ चालून जाईल. ज्याचं कामच विमा कंपनीला पत्र लिहिणं, बिलावरची हरकत खोडून काढणं हे आहे, त्याला बी१ पातळीच्या जर्मनवर भागत नाही.

यातून निघणारी वाट लांब आहे, पण पक्की आहे. हाच तीन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय मुलालाही करता येतो, त्यासाठी साधारण बी१ पातळीचं जर्मन आणि तिथल्या कंपनीचं प्रशिक्षणाचं कंत्राट लागतं. शिकताना कंपनी विद्यावेतन देते. २०२५ मध्ये पहिल्या वर्षासाठी कायद्याने ठरलेला किमान आकडा महिन्याला ६८२ युरो होता, अनेक ठिकाणी तो यापेक्षा बराच जास्त असतो. कमी पडणारी रक्कम बँकेत दाखवावी लागते. हा हिशेब घरात बसून, वहीवर मांडून करायचा आहे आणि त्यासाठी कुणाला लाखांनी पैसे मोजायचे नाहीत.

पैशाबद्दल तर घराघरांत एकच गोष्ट पोहोचायला हवी. कुठल्याही नीट चाललेल्या व्यवस्थेत स्पॉन्सरशिपचा खर्च मालकाचा असतो. ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सर परवान्याचा आणि सर्टिफिकेटचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई केली. कॅनडात मालकाने काढायच्या एलएमआयए या परवानगीपत्रांची विक्री इतकी माजली की मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्याच्या अर्जात त्याला मिळणारे जादा गुणच काढून टाकले. ब्रिटनने जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात सेवाशुश्रूषेच्या क्षेत्रातल्या ४७० हून अधिक संस्थांचे स्पॉन्सर परवाने रद्द केले, त्यांच्याशी ३९,००० हून अधिक कामगार जोडलेले होते. परवाना गेला की कामगाराला नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. जमीन विकून गेलेल्या माणसासाठी ते साठ दिवस काय असतील, याची कल्पना मराठवाड्यातल्या वाचकाला सहज येईल.

आपल्याकडेही कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. नोंदणीकृत एजंटांची नावं ई-मायग्रेट पोर्टलवर आहेत. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं दुकान टाकलं म्हणून भरतीचा परवाना मिळत नाही.

केरळने भरतीचं हे काम खासगी हातांवर सोडलं नाही. तिथे राज्य सरकारची नोर्का रूट्स ही संस्था आहे, परदेशी नोकरीसाठी १९७७ पासून चालणारं ओडेपेक हे सरकारी महामंडळ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नोर्काने जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेशी थेट करार केला आणि नर्सना मोफत भाषा शिकवून पाठवायला सुरुवात केली. मालक कोण, पगार किती, शहर कुठलं, हे सरकारी कागदावर आधी दिसतं.

महाराष्ट्राला यासाठी केरळकडेही बघायची गरज नाही, किल्लारीचाच अनुभव पुरे आहे. भूकंपानंतर ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्बांधणीचा कार्यक्रम चालला. घर दुरुस्तीचे हप्ते, पात्रतेच्या याद्या, अभियंत्यांच्या अटी लोकांना कळेनात, तेव्हा शेकडो गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना तयार केलं. त्या घरोघरी गेल्या, कुणाला किती हप्ता मिळायला हवा हे सांगितलं, सिमेंट-वाळूचं प्रमाण समजावलं. सरकारचा निर्णय आणि माणसाचं घर यांच्यामधली जागा दलालाने भरण्याआधी त्यांनी भरली.

तशीच नेमणूक आज परदेशी नोकरीसाठी औसा, निलंगा, उमरगा, लोहारा तालुक्यांत व्हायला हवी. तहसील कार्यालयाच्या आवारात एक टेबल, एक संगणक, इंग्रजी आणि थोडं जर्मन समजणारी एक व्यक्ती. तिने स्पॉन्सरचं नाव सरकारी यादीत तपासावं, एजंटाची नोंदणी तपासावी, ऑफर लेटरमधला कामाचा कोड आणि पगार व्हिसाच्या अटींत बसतो का ते पाहावं आणि तसं लेखी द्यावं. पदवी परदेशात ग्राह्य धरली जावी म्हणून लागणाऱ्या अपॉस्टिलच्या शिक्क्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई-पुण्याला मारल्या जाणाऱ्या चकरा तिथूनच कमी व्हाव्यात. बाडेन-वुर्टेम्बर्ग कराराखाली कोणत्या तालुक्यातून किती जण भाषा शिकत आहेत, किती बी१ उत्तीर्ण झाले, किती जणांच्या हाती कंत्राट पडलं, हे आकडे दर महिन्याला त्या टेबलामागच्या फळ्यावर लागावेत.

भाषेचे वर्गही लातूर-नांदेडला कायमस्वरूपी हवेत, आणि त्यांत टायपिंग-एमएस-सीआयटी केलेल्या मुलांची वेगळी तुकडी हवी. शून्यापासून बी१ गाठायला नियमित अभ्यास करणाऱ्यालाही वर्षभर सहज लागतं. जर्मनीतल्या प्रशिक्षणाची वर्षं बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि कंपन्या त्याच्या बऱ्याच महिने आधी मुलं निवडतात. लातूरमध्ये वर्ग या जूनमध्ये भरला, तर त्यातला मुलगा पुढच्या हिवाळ्यात कंपन्यांच्या मुलाखती देऊ शकेल.