आहार-विचार : चॉकोलेट निवडताना

ज्या बालकास दूध, शेंगदाणा, सोयाबीन यांपैकी अनेक पदार्थ सोसत नाहीत, त्याच्या मातेस वाढदिवसाच्या घरी चॉकोलेट वाटले जाऊ लागले की धास्ती वाटते. वस्तुतः दोष बहुधा कोकोचा नसून त्यात मिसळलेल्या पदार्थांचा असतो.

काळ्या चॉकोलेटात दूध नसतेच, हा समज फसवा आहे. दुधाच्या चॉकोलेटच्याच यंत्रावर ते तयार झाल्यास दुधाचा अंश त्यात उतरतो. घटकांत ‘३२२’ हा अंक असल्यास ते लेसिथिन होय. ते पुष्कळदा सोयाबीनचे असते. आपल्याकडील २०२० च्या नियमांप्रमाणे दूध, सोयाबीन, शेंगदाणा, बदाम-काजू व ग्लूटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख वेष्टनावर आवश्यक आहे. ‘अंश असू शकतो’ ही सूचनाही डावलू नये. घटक बदलतात, म्हणून प्रत्येक खरेदीस वेष्टन पुन्हा वाचावे. सुटे चॉकोलेट टाळावे.

नारळ सोसत असल्यास खाण्याचे खोबरेल कोमट करून त्यात निर्भेळ कोकोपूड व घरी दळलेली साखर घोटावी आणि शीतकपाटात थिजवावे. मग पाहुण्याघरी जाताना बालकाची वडी आपल्याच डब्यातून न्यावी.

मात्र काही खाल्ल्यावर ओठ सुजले वा श्वास अडू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.